नरकाचे भय आणि पहाटेचे अभ्यंग

आश्विन वद्य चतुर्दशीच्या पहाटे घराघरांतून एकच हाक ऐकू येते : "उठा, सूर्योदयापूर्वी न्हाणार नाही तो नरकात जातो!" मुले डोळे चोळीत पाटावर येऊन बसतात, उटण्याचा दरवळ सुटतो, पायाखाली कारीट फुटते. वस्तुतः ह्या दिवसाच्या नावातील नरक म्हणजे प्राग्ज्योतिषपुरीचा असुर. श्रीकृष्णाने त्यास मारून सहस्रावधी स्त्रियांची सुटका केली. परंतु असुराच्या नावात यमलोकीचा नरक केव्हाच मिसळून गेला आणि विजयाच्या सणाला भीतीची किनार लागली.

कीर्तन आटोपल्यावर श्रोते आम्हांस एकांतात विचारतात : "बुवा, परलोकाची धास्ती वाटते म्हणून देवाचे करतो, हे देवाला चालते काय?" विचारणारे बहुधा वृद्ध असतात. जन्मभर एकादशी न चुकविलेली ही माणसे. पण एखादे राहून गेलेले श्राद्ध, एखादा न फेडलेला नवस त्यांना रात्री झोपू देत नाही. त्यांना नुसते "भिऊ नका" म्हणून भागत नाही.

भागवताच्या सप्तम स्कंधात नारद धर्मराजास सांगतात की गोपी प्रेमाने तरल्या, तसा कंस भयाने तरला. कुंभारणीने भिंतीत कोंडलेली अळी भीतीने तिचेच चिंतन करता करता तद्रूप होते, हा दृष्टान्तही तेथलाच. म्हणजे भयालाही दार बंद नाही. पण कंसास भय होते ते कोणाचे? कृष्णाचे! उठता-बसता, जेवता-निजता त्याला कृष्णच दिसे. आपण भितो ते कुंभीपाकाला आणि वैतरणीला. चिंतन तापल्या कढईचे आणि प्राप्ती वैकुंठाची, हे कसे घडावे?

पंचम स्कंधाच्या अखेरीस २८ नरकांचे वर्णन आहे, तेही आम्हांस अनाठायी वाटत नाही. जिवंत प्राणी शिजविणारा, अतिथीस न देता एकटा जेवणारा, दारी आलेल्याकडे डोळे वटारून पाहणारा, अशांची तेथे गणना आहे. धाकाने का होईना, अतिथीस घास मिळाला तर वाईट काय? परंतु लगेच पुढे परीक्षितीने जे विचारले ते फार मार्मिक आहे. शुकाचार्यांनी प्रायश्चित्त सांगताच राजा म्हणाला, हे तर हत्तीचे स्नान झाले. न्हाऊन बाहेर आला की पुन्हा अंगावर धूळ उडवितो. सात दिवसांनी मरणार असलेला मनुष्य हे बोलतो आहे! भिण्याचा अधिकार त्याच्याहून अधिक कोणास? तरीही भयापोटी केलेल्या उपायावर त्याचे समाधान झाले नाही.

ह्याचेच उत्तर म्हणून अजामिळाची कथा आली. यमदूतांना पाहून त्याने धाकट्या मुलाला हाक मारली, "नारायण!" हाक भीतीची खरी, पण ते नाव ओठी वसले होते ते मुलाच्या मायेने. आणि सुटल्यावर तो निर्धास्त घरी बसला नाही. पश्चात्तापाने गंगाद्वारी जाऊन भजनी लागला. कीर्तनात हा शेवट बहुधा घाईत उरकला जातो.

मृत्यूच्या दिवसांत मात्र गरुडपुराणाचा धाक दाखवून खचलेल्या घराकडून दानांची यादी वाढवून घेणारे आम्ही पाहिले आहेत. ह्यास धर्म म्हणवत नाही. हा शोकाचा व्यापार होय.

आमच्या पंढरीचे काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये ह्यांच्या 'धर्मसिंधु'त आजच्या दिवशी अभ्यंगानंतर यमतर्पण सांगितले आहे. एरवी ज्याच्या नावाने मुलांना भेववायचे, त्यालाच आज ओंजळभर पाणी द्यायचे! वडील हयात असलेल्यासही ह्याचा अधिकार आहे, तेव्हा मुंज झालेल्या मुलांना शेजारी बसवून यमाची ती १४ नावे त्यांच्याकडून म्हणवून घ्यावी. पहिले नाव यम, दुसरे धर्मराज. मृत्यू हे त्यानंतरचे.