अ‍ॅडमिन पासवर्ड नाही? तरी कॉम्प्युटर जागा ठेवता येतो

आज एकच प्रश्न घेतोय, कारण तो व्हॉइस नोटमधून सारखा येतोय. एका श्रोतीचं म्हणणं असं: कॉलेज लॅबच्या पीसीवर ती प्रोजेक्टचं मॉडेल ट्रेन करायला लावते. दोन-अडीच तासांचं काम. जेवून परत येते तर स्क्रीन काळी आणि ट्रेनिंग अर्ध्यावर. सबमिशन पुढच्या आठवड्यात, आणि अ‍ॅडमिन पासवर्ड आहे लॅब असिस्टंट सरांकडे.

आधी एक गोंधळ मिटवू. स्क्रीन बंद होणं, मशीन लॉक होणं आणि मशीन स्लीपमध्ये जाणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लांबून तिन्ही सारख्याच दिसतात. पण स्क्रीन बंद असली किंवा लॉक पडलं असलं, तरी आत काम चालूच असतं. थांबतं ते फक्त स्लीपमध्ये. म्हणून परत आल्यावर लॉग बघा. लॉगमधली वेळ आत्तापर्यंत आली असेल तर काही बिघडलेलं नाही, पासवर्ड टाका आणि पुढे चला. मध्येच एखाद्या मिनिटावर थांबली असेल, तर स्लीप.

आता स्लीपची वेळ बदलायला अ‍ॅडमिन लागतोच असं नाही! साध्या युजरलाही विंडोज सहसा ती मुभा देतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग पॉवर. लॅपटॉपवर तिथेच ‘पॉवर अँड बॅटरी’ लिहिलेलं दिसेल. विंडोज १० मध्ये ‘पॉवर अँड स्लीप’. स्लीपसमोर ‘नेव्हर’ निवडा. लॅपटॉप असेल तर चार्जिंगवरची वेळ वेगळी आणि बॅटरीवरची वेगळी, हे लक्षात ठेवा. बॅटरीवरची तशीच राहू द्या, उगाच चार्ज संपवू नका.

कमांड आवडणाऱ्यांसाठी: कमांड प्रॉम्प्ट उघडा, साधाच, ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ नको. पॉवर शब्दाला जोडून सी, एफ, जी. जागा सोडून स्लॅश चेंज. परत जागा, मग स्टँडबाय हायफन टाइमआउट हायफन एसी, जागा, आणि शून्य. शून्य म्हणजे कधीच झोपू नको. इथला आकडा मिनिटांत असतो, म्हणजे ३० लिहिलं तर अर्धा तास. पण ही कमांड म्हणजे मागचा दरवाजा नाही हं. संस्थेने पॉलिसी लावून सेटिंग बंद केली असेल, तर इथूनही ती हलणार नाही.

अशा वेळी मला सगळ्यात आवडणारा रस्ता वेगळाच आहे. सेटिंगला हात न लावता प्रोग्रामनेच विंडोजला सांगायचं, ‘माझं काम चालू आहे, झोपू नकोस.’ आपण सिनेमा बघताना स्क्रीन का बंद होत नाही? व्हिडिओ प्लेअर हेच करतो. या फंक्शनचं नाव सेटथ्रेडएक्झिक्युशनस्टेट. पायथॉनमध्ये सीटाइप्स मॉड्यूल आधीपासून असतं, त्यातून ट्रेनिंगच्या सुरुवातीला हे एकदा बोलवायचं. अ‍ॅडमिन लागत नाही, आणि प्रोग्राम संपला की विनंतीही आपोआप संपते. गंमत म्हणजे अशी विनंती कुणीही करू शकतं, पण कोणकोणत्या प्रोग्रामने केलीय याची यादी बघायची तर मात्र अ‍ॅडमिन लागतो!

कोड लिहायचा नसेल तर मायक्रोसॉफ्टचं फुकट मिळणारं पॉवरटॉइज बघा. त्यातलं ‘अवेक’ हेच काम करतं आणि पॉवर प्लॅन जसाच्या तसा ठेवतं. फक्त स्वतःच्या युजरपुरतं इन्स्टॉल होणारी आवृत्तीही मिळते. अर्थात लॅबमध्ये इन्स्टॉल करायलाच बंदी असेल तर विषय संपला.

पण लॅपटॉपचं झाकण लावलं की ही विनंती कामाला येत नाही. झाकण लावणं म्हणजे तुम्ही स्वतः दिलेली आज्ञा, ती वरचढ ठरते. लॅपटॉप उघडाच ठेवा.

आणि लॉक? ऑफिसच्या मशीनवर दहा मिनिटांनी लॉक पडतं, ते मुद्दाम लावलेलं असतं. ते चुकवायला माउस हलवणारी खेळणी विकत मिळतात. माझं मत स्पष्ट आहे, त्या वाटेला जाऊ नका. लॉकमुळे तुमचं काम थांबतच नाही, मग उघडं मशीन सोडून नोकरी कशाला धोक्यात घालायची?

लॅबवाल्यांनो, पॉवर प्लॅन अख्ख्या मशीनचा असतो, एकट्या तुमच्या लॉगिनचा नाही. त्यामुळे बदलण्याआधी जुना आकडा वहीत टिपून ठेवा आणि काम झालं की परत टाका. आणि या श्रोतीला माझा सल्ला असा: आजच ती एक ओळ कोडमध्ये टाक आणि अर्ध्या तासाचं छोटं ट्रेनिंग लावून बघ. त्यातही मशीन झोपलं, तर सबमिशनची तारीख सांगून सरांनाच सेटिंग बदलून मागायची. अजून आठवडा हातात आहे.