मिठात लोह टिकवण्याची खटपट

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवावा आणि त्यात खाण्याच्या सोड्याचे द्रावण ओतावे. बुडबुडे उठतात आणि तळाशी पांढरट साका बसतो. हेच लोहाचे कार्बोनेट. पाणी उकळायचे ते त्यात विरघळलेला प्राणवायू निघून जावा म्हणून. तरीही गाळणकागदावरचा ओला साका हवेत हिरवट, मग तपकिरी होतो. फेरस लोह फेरिक बनते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो तो जवळजवळ गंजच. उपसताना नितळ दिसणारे बोअरवेलचे पाणी बादलीत तासभर राहिल्यावर तांबूस होते, त्यामागेही बहुधा हेच कारण असते.

तरीही हा चंचल क्षार औषध ठरला. जठरातील आम्लात तो सहज विरघळतो आणि फेरस लोह शरीरात फेरिकपेक्षा चांगले शोषले जाते. फ्रान्समधील डॉ. ब्लो यांनी १८३२ मध्ये हिराकस आणि पोटॅशियम कार्बोनेट यांच्या गोळ्या रक्तक्षयावर सुचवल्या. पुढे औषधनिर्मात्यांनी साका साखरेत घोळवून त्याचे गंजणे लांबवले.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेपुढे प्रश्न याच जातीचा, पण अधिक अवघड होता. कुन्नूरहून १९५८ मध्ये हैदराबादेत आलेल्या या संस्थेला लोह आणि आयोडीन एकाच मिठात घालायचे होते. ही जोडी मुळात वैरी! ओलाव्यात आयोडेट फेरस लोहाला फेरिक बनवते, स्वतः मुक्त आयोडीन होऊन उडून जाते आणि मिठाचा रंग बिघडतो. संस्थेने कार्बोनेट नव्हे, तर स्वस्त आणि विद्राव्य फेरस सल्फेटच घेतले. त्याला सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटची जोड दिली. हे फॉस्फेट लोहाच्या अणूंना जखडून ठेवते, त्यामुळे आयोडीनही टिकते. अशा मिठाच्या एका ग्रॅममागे सुमारे १ मिलिग्रॅम लोह मिळते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. गोव्यात हे प्रमाण सुमारे ३९ टक्के. मीठ प्रत्येक स्वयंपाकघरात पोहोचते, म्हणून त्याची निवड. मात्र लोहासाठी मीठ वाढवून खाणे रक्तदाबाला निमंत्रणच. रोजचे मीठ बदलायचे, वाढवायचे नाही. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा लोहाचे शोषण घटवतो, तर ताटातली लिंबाची फोड ते वाढवते.