बेचाळीस सेकंदांचा राग

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमधली गोष्ट. आमच्याकडे इफ्तारची दावत होती, तीस-बत्तीस माणसांची. दोन दिवस आधीपासून मी कामाला लागले होते. मसाला घरी भाजलेला, कांदा एकसारखा तांबूस तळलेला, दस्तरखानसुद्धा इस्त्री करून ठेवलेला. पाहुणे जेवले, दुआ देऊन गेले. भांडी आवरून मी जरा टेकले आणि फोन हातात घेतला. खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी देगचीचा फोटो टाकला होता. खाली मस्कतला असणाऱ्या माझ्या नणंदेने लिहिले होते, ‘‘भाभी, यंदा बिर्याणीनेही रोजा धरला की काय? रंग उडालाय!’’ पुढे हसणारे तोंड.

मी माईकचे बटण दाबले आणि बोलले. बेचाळीस सेकंद. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्यात बिर्याणी कमी आणि बारा वर्षांचा हिशेब जास्त होता. तीन-चार मिनिटांनी भान आले, मी तो आवाज सर्वांकडून पुसून टाकला. पण तेवीस जणांपैकी बहुतेकांनी तो ऐकला होता, नणंदेनेही. त्या रात्री ती ग्रुपमधून बाहेर पडली. त्यानंतर आठ महिने आम्ही एकमेकींशी बोललो नाही. ती आईला फोन करायची तेव्हा मी स्वयंपाकघरात जायचे. सासूबाई फोन ठेवून गप्प बसायच्या. त्यांना एकच मुलगी आणि एकच सून. त्या कुणाची बाजू घेणार?

बराच काळ मी स्वतःला सांगत होते की माझा दोष एवढाच, राग आवरला नाही. पुढे लक्षात आले, राग ही शेवटची पायरी होती. त्याआधी दोन पायऱ्या होत्या. हातात फोन आला की विचार न करता उत्तर देण्याची सवय, ही एक. आणि दोन दिवस राबून केलेल्या गोष्टीत कुणालाही खोट दिसता कामा नये हा माझा अट्टहास, ही दुसरी. नणंदेने थट्टा केली होती, मी तो निकाल समजले.

आधी रागाबद्दल. राग येतो तेव्हा शरीर लढाईच्या तयारीला लागते. अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते, छाती धडधडते, श्वास उथळ होतो, हातपाय ताठरतात. अशा वेळी मेंदूचा नीट तोलून पाहणारा भाग मागे पडतो. म्हणून तर नंतर आपण म्हणतो, ‘मी असे बोललेच कसे!’ पती-पत्नींच्या भांडणांचा अनेक दशके अभ्यास केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात की वाद पेटला की निदान वीस मिनिटे थांबावे, कारण शरीर थंड व्हायला तेवढा वेळ लागतो. आणि त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात भांडण चालू ठेवले तर थांबण्याचा उपयोग नाही.

आपल्याकडे एक समज फार पक्का आहे, ‘एकदाचे बोलून टाकले की मन मोकळे होते.’ ब्रॅड बुशमन या संशोधकाने २००२ साली हे तपासून पाहिले. राग आणवलेल्या काही लोकांना मुष्टियोद्ध्यांच्या पिशवीवर ठोसे मारायला लावले, मारताना राग आणवणाऱ्याचा विचार करायला सांगितले. काही जणांना नुसते बसवून ठेवले. ठोसे मारणारे अधिक चिडलेले निघाले, आणि पुढे अधिक आक्रमकही वागले. पातेली आपटून राग जात नाही, हे आपल्या पातेल्यांनाही माहीत आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण इथे किती व्यवहारी आहे ते पाहा. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आहे की राग आला आणि माणूस उभा असेल तर त्याने बसावे, तरीही गेला नाही तर आडवे व्हावे. मी लहानपणापासून हे ऐकत आले, पण त्याकडे नुसती नसीहत म्हणून पाहिले. खरे तर ती शरीराला दिलेली सूचना आहे. उभा माणूस मारायला, धावायला, दार आपटायला तयार असतो. बसलेल्याला आधी उठावे लागते. आडव्या झालेल्याला तर दोनदा विचार करावा लागतो. आता मी एक नियम केला आहे: रागात आवाज पाठवायचा असेल तर आधी बसायचे, पेलाभर पाणी संपवायचे, आणि फोन फ्रिजवर ठेवायचा. फ्रिज उंच आहे. बसल्या जागेवरून हात पोचत नाही.

असा नियम आधी ठरवून ठेवावा लागतो, राग आल्यावर सुचत नाही. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी बल्ख भागातले विद्वान अबू जैद अल-बल्खी (निधन ९३४) यांनी ‘मसालिहुल अब्दान वल अन्फुस’ हा ग्रंथ लिहिला, शरीराच्या आणि मनाच्या आरोग्याचा. मनाच्या भागात त्यांनी राग, भीती, दुःख आणि वसवसा यांवर स्वतंत्र विवेचन केले आहे. त्यांचा एक सल्ला मला फार आवडतो. आपण अडीअडचणीसाठी घरात औषधे ठेवतो, तसे मन शांत असताना चांगले, समजूतदार विचार साठवून ठेवावेत म्हणजे वादळात ते हाताशी येतील. मी एका चिठ्ठीवर ‘ती मस्करी करत असेल’ असे लिहून फोनच्या कव्हरमध्ये सरकवले आहे. मुले हसतात. हसू देत.

मिसरी, मिस्वाक आणि सहासष्ट दिवस

सवयींबाबत मला माझ्या सासूबाईंनीच शिकवले, नकळत. त्यांना चाळीस वर्षांपासून मिसरीची सवय. सकाळच्या चहानंतर, दुपारच्या जेवणानंतर, संध्याकाळी ओट्यावर बायका जमल्या की. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, दात घासायचा म्हणून तो निर्दोष होत नाही. तोंडाचा कर्करोग त्यानेही होतो. पण रमजान आला की अम्मा तेरा-चौदा तास तिला हात लावत नाहीत. मगरिबची अजान झाली की खजूर, पाणी, नमाज आणि मग मिसरीची डबी. ईदनंतर तर चार दिवसांत सगळे पूर्ववत.

मी आधी म्हणायचे, ‘‘अम्मा, महिनाभर दिवसा सोडता, मग कायमची का सोडवत नाही?’’ त्यांचे उत्तर ठरलेले, ‘‘रमजानची गोष्ट वेगळी.’’ ते अगदी खरे होते, फक्त त्याचा अर्थ मला कळला नव्हता. रमजानमध्ये सकाळचा चहाच नसतो, दुपारचे जेवण नसते, ओट्यावरची बैठक नसते. मिसरीची आठवण करून देणारे सगळे गायब असते. सवय अशीच चालते: ठरलेली वेळ, ठरलेली जागा, मग हात आपोआप डबीकडे. (यात निकोटिनचा भाग आहे, तो मी कमी लेखत नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी मदत मागावी, त्यात लाज कसली?)

मग आम्ही वेळ तीच ठेवली, हातातली वस्तू बदलली. चहानंतर मिस्वाक. बोटांना काम मिळाले, दातांना घासणे मिळाले, आणि सुन्नतचे समाधान वेगळे. पाचावरून गाडी दोनवर आली आहे. दुपारची आणि संध्याकाळची ओट्यावरची अजून सुटलेली नाही. शेजारणीची डबी उघडली की अम्मांचा निश्चय मिटतो.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ असे हल्ली सगळीकडे ऐकू येते. ते मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून निघालेले आहे. रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तेवढे दिवस लागतात असे त्यांना दिसले होते. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर प्रत्यक्ष अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे निघाले. कुणाला १८ दिवस पुरतील, कुणाला २५४ लागतील असा अंदाज. म्हणजे एकवीस दिवसांनी जमले नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवण्याचे कारण नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

ही गोष्ट माझ्यासारख्यांच्या पचनी पडत नाही. फज्रनंतर फोन न पाहता पाव तास कुरआन वाचायचा, असे मी ठरवले होते. नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी धाकट्याला ताप होता, राहून गेले. अकराव्या दिवशी वाटले, आता साखळी तुटलीच, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून नव्याने सुरू करू. ती एक तारीख सात महिने आली नाही. थोडे का होईना पण सातत्याने केलेले अमल अल्लाहला अधिक प्रिय, हे बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहे, मलाही पाठ होते. पण माझ्या मनाला थोडे चालत नव्हते. पुरते हवे, नाहीतर नको.

खोडरबराचे भोक

यालाच परिपूर्णतेचा हव्यास म्हणतात. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये त्याचे तीन प्रकार सांगितले. स्वतःकडून बिनचूकपणाची अपेक्षा, दुसऱ्यांकडून तशी अपेक्षा, आणि ‘लोक माझ्याकडून बिनचूकपणाच मागतात’ ही भावना. मी वाचले आणि तिन्ही खुणा आपल्याच घरात सापडल्या. पहिले दोन माझ्यात. तिसरा माझ्या मुलीत.

ती तेव्हा चौथीत होती. एक दिवस तिच्या वहीच्या पानाला भोक पडलेले दिसले. एकच शब्द तिने इतक्या वेळा खोडला होता की कागद फाटला. पान उलटले, पुढेही तसेच. मी विचारले तर म्हणाली, ‘‘अम्मी, तू बघशील म्हणून.’’ तिच्या बाईंनी तिला कधी काही म्हटले नव्हते. ‘हे अक्षर आहे की कोंबडीचे पाय’ हे वाक्य माझे होते. त्या दिवशी मला नणंदेची आठवण झाली. मी तिच्या एका थट्टेने पेटले होते, आणि घरात एक नऊ वर्षांचे मूल रोज माझ्या तसल्या वाक्यांत राहत होते.

काम चांगले करणे आणि हा हव्यास यांत फरक आहे. चांगले काम करणारा चूक झाली तर दुरुस्त करतो. हव्यास असलेला चूक लपवतो, काम पुढे ढकलतो किंवा कुणावर तरी ओरडतो. इबादतीतही हे शिरते. माझ्या एका नातेवाईक बाई वुजू वारंवार करायच्या, कोपर कोरडे राहिले असेल या शंकेने. जमात निघून जायची आणि त्या नळाशीच. आपल्या विद्वानांनी याला तकवा म्हटलेले नाही, वसवसा म्हटले आहे. हात धुणे, पुन्हा पुन्हा तपासणे यांतच दिवस जात असेल तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

मुलीसाठी मी खोडरबर काढून घेतले. चुकले तर एक रेघ मारायची आणि पुढे लिहायचे. पहिला आठवडा तिला रडू यायचे आणि मला हात शिवशिवायचे. आता तिच्या वहीत भरपूर रेघा असतात. अक्षर अजूनही वाकडेच आहे.

राहिली नणंद. इतके सगळे कळूनही मी तिला फोन करत नव्हते, आणि त्याचे कारणही तोच हव्यास होता. माफी अशी मागायची की एकही शब्द कमी-जास्त होऊ नये. आठ महिने मी मनात वाक्ये जुळवत होते. शेवटी एका दुपारी सासूबाईंनीच तिला ग्रुपमध्ये परत घ्यायला लावले. मी म्हटले, जखम चारचौघांत केली, तर माफीही चारचौघांतच. आवाज पाठवायला बसले. सहा वेळा रेकॉर्ड केला, सहा वेळा पुसला. सातव्यांदा बोलत असताना कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मी अडखळले, एक वाक्य अर्धेच राहिले. ते तसेच पाठवले.

वीस मिनिटे काही आले नाही. मग तिचा मेसेज आला, ‘‘भाभी, शिट्ट्या किती झाल्या? डाळ बघ आधी.’’

डाळ खाली लागली होती. तिला फोटो पाठवला.