मीठ किती, रक्तदाब किती

औताच्या बैलाला मीठ चाटवले की तो जास्त पाणी पितो, हे आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. माणसाचेही तेच होते. रक्तात मीठ वाढले की तहान लागते, शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर दाब पडतो. निरोगी मूत्रपिंड जादा मीठ लघवीवाटे काढून टाकते. पण रोजच अति झाले, की वर्षानुवर्षांनी तेही थकते.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच धर्मग्रामातील एका शेतकरीबंधूला भात लावणीच्या दिवसांत अर्धांगवायूचा झटका आला. वय अवघे अठ्ठेचाळीस. रक्तदाब कधी मोजलाच नव्हता. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांची पत्नी म्हणाली, ''फादर, यांना भाकरीबरोबर लोणचे नाही तर ठेचा लागतोच, आणि वर चिमूटभर मीठ.'' झटका केवळ मिठाने आला असे आम्ही म्हणणार नाही. पण चढलेला रक्तदाब हे अर्धांगवायूचे मोठे कारण आहे आणि मीठ तो चढवते, याबद्दल शंका राहिलेली नाही.

मधुमेहाशी मिठाचे नाते जरा आडवळणाचे आहे. पोटाचा घेर वाढला की इन्सुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून शरीर ते अधिक तयार करते. या इन्सुलिनचे आणखी एक काम म्हणजे मूत्रपिंडाला मीठ राखून ठेवायला लावणे. त्यामुळे स्थूल आणि मधुमेही माणसाला तेवढेच मीठ अधिक बाधते. मिठाने मधुमेह होतो असे मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही.

मग किती खावे? जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. यात भाजी-आमटीतले, लोणच्यातले, पापडातले, फरसाणातले सगळे आले. हिशेब सोपा आहे. घरात पाच मोठी माणसे असतील तर महिन्याला पाऊण किलो पुरे. दोन किलो संपत असेल तर माणशी रोज तेरा ग्रॅम झाले! उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य करून आपण खारे सुके बांगडे ताटात घेतो, तेही या हिशेबात धरावे. शिजवण्यापूर्वी ते दोन-तीन पाण्यांतून काढले तर खार बराच उतरतो.

''आम्ही उन्हात घाम गाळतो, आम्हाला मीठ जास्त नको का?'' असे पुष्कळजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण उन्हाची सवय झाली की आठ-पंधरा दिवसांत घामातले मीठ आपोआप कमी होते, आणि बाकीची भर रोजच्या जेवणातून निघते. कडक उन्हात दिवसभर राबणाऱ्याने ताकात चिमूटभर घालायला हरकत नाही. मात्र ज्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे त्याने डॉक्टरांना विचारावे.

सैंधव घेतले म्हणजे सुटलो, असेही नव्हे. तेही बहुतांशी तेच मीठ. घरी आयोडीनयुक्त मीठच ठेवावे, फक्त प्रमाण कमी करावे. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर एक प्रयोग झाला. त्यांतील बहुतेकांना पूर्वी अर्धांगवायू होऊन गेला होता. इतर रक्तदाब असलेले वयस्कर होते. निम्म्या खेड्यांना पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराईड मिसळलेले मीठ दिले. सुमारे पाच वर्षांनी त्या खेड्यांत अर्धांगवायूचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. हे २०२१ साली प्रसिद्ध झाले. असे मीठ आपल्या बाजारातही मिळते. पण मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याला ते घातक ठरू शकते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबरही चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये.

त्या बंधूंचा हात आता थोडा उचलतो. त्यांच्या घरी मिठाची वाटी ताटाजवळून हलली आहे. पहिले पंधरा दिवस आमटी पचपचीत लागली म्हणे, आता शेजारची खारट लागते.