यादीतील शेवटचे नाव

प्रवेशाचा हिशेब : लेखांक चौथा

गेल्या आठवड्याचा लेखांक प्रसिद्ध झाल्यावर लालबागच्या एका वाचकांचे पत्र आले. कन्येला दहावीला ८९ टक्के मिळाले आहेत. रुइयात कलाशाखेला प्रवेश मिळेल काय, आणि न मिळाल्यास ती कुठे कमी पडली असे समजावे काय, अशी त्यांची पृच्छा आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर यादी लागण्यापूर्वी कोणालाही देता येत नाही. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असे एका शब्दात देता येते, परंतु तेवढ्याने एखाद्या बापाचे समाधान झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. सबब आजचा सारा लेखांक त्या एका शब्दाच्या खुलाशासाठी खर्ची घालीत आहे.

'कटऑफ' हा शब्द आता गिरगावातल्या चाळींच्या गॅलऱ्यांतून इतका रुळला आहे की, जून महिन्यात तो पावसाच्या बरोबरीने उच्चारला जातो. मात्र त्याचा अर्थ बहुधा चुकीचा लावला जातो. लोकांची समजूत अशी की, अमुक महाविद्यालयाने आपल्या दारावर ९२ची पाटी लावली आहे आणि त्याखालच्यांना मज्जाव आहे. वस्तुतः अशी पाटी कोणीच लावीत नाही. आलेले अर्ज गुणक्रमाने लावले जातात, उपलब्ध जागा वरून खाली भरत नेल्या जातात, आणि शेवटच्या जागेवर ज्याचे नाव येते त्याचे गुण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'कटऑफ' म्हणून झळकतात. अट आधी सांगितली जाते. हा आकडा मागाहून उमटतो. त्या वर्षी किती जणांनी ते महाविद्यालय मागितले आणि तेथे किती जागा मोकळ्या होत्या, एवढेच तो सांगतो. तेथील अध्यापनाविषयी त्याला काही ठाऊक नसते, आणि लालबागच्या त्या मुलीविषयी तर मुळीच नसते.

जागांचा तपशील पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. दक्षिण मुंबईतील ज्या महाविद्यालयांच्या नावाचा दबदबा आहे त्यांपैकी कित्येक अल्पसंख्याक संस्थांची आहेत : झेवियर ख्रिस्ती संस्थेचे, के. सी., एच. आर. आणि जय हिंद ही सिंधी भाषकांच्या संस्थांची. अशा एखाद्या महाविद्यालयात, समजा, अकरावीच्या एका शाखेला १२० जागा आहेत. निम्म्या, म्हणजे ६०, त्या त्या समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी. १० टक्के, म्हणजे १२, संस्थेच्याच शाळेतून येणाऱ्यांसाठी. ५ टक्के, म्हणजे ६, व्यवस्थापनाच्या हाती. बाकी राहिल्या ४२. मुंबईतील हजारो घरांत ज्या महाविद्यालयाचे नाव घेतले जाते, त्याच्या खुल्या यादीत बसायला बेचाळीसच पाट मांडलेले असतात, आणि ९५चा तो भयंकर आकडा विद्वत्तेच्या उंचीतून जितका येतो त्याहून अधिक या पंक्तीच्या आखूडपणातून येतो. त्यातही कोट्याच्या ज्या जागा भरत नाहीत त्या सामायिक प्रवेशाकडे परत सोपवल्या जातात, आणि म्हणून पहिल्या यादीतला आकडा दुसऱ्या-तिसऱ्या यादीत अनेकदा खाली उतरलेला दिसतो. १९३७ साली शिक्षण प्रसारक मंडळीने माटुंग्यास स्थापन केलेले रुइया, १९५२चे रुपारेल, १९५४चे दादरचे कीर्ती ही अल्पसंख्याक संस्थांची नव्हेत. तेथे सांविधानिक आरक्षणाप्रमाणे प्रवर्गवार याद्या लागतात, आणि प्रत्येक यादीचे शेवटचे नाव निराळे. सारांश, 'रुइयाचा कटऑफ किती?' या प्रश्नाला एकवचनी उत्तर नाही.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक झाली, तेव्हा उत्तीर्ण झालेल्या अवघ्या वीस-बावीस जणांत महादेव गोविंद रानडे होते. मॅट्रिक होणे हाच प्रवेश होता, आणि किती गुणांनी झालात हे विचारण्याचे एल्फिन्स्टन महाविद्यालयाला कारण नव्हते. पुढे परळ-लालबागच्या गिरणगावात मुलगा मॅट्रिक झाला की आड येई ती गुणांची रेघ नव्हे, तर फीची रक्कम आणि बापाच्या खात्यातील पाळी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले ते सकाळी भरणारे, आणि त्यामुळे कचेरीत कारकुनी करणाऱ्या किती तरी तरुणांना पदवीची वाट मोकळी झाली. ६० टक्क्यांचा पहिला वर्ग हा त्या काळी पेढे वाटण्याचा प्रसंग असे. 'बोर्डात येणे' हा वाक्प्रचार गुणवत्ता यादीपुरता राखीव होता आणि तो मान वर्षाकाठी मोजक्या मुलांना मिळे; शेजारच्या मुलाला तो मिळाला नाही म्हणून त्याच्या आईला चेहरा लपवावा लागत नसे.

आज टक्क्याकडे आपण तोळा-माशाच्या वजनाप्रमाणे पाहतो, जणू १९८५चा टक्का आणि आजचा टक्का एकाच काट्यावर तोललेले आहेत. काटा मात्र सारखा बदलत आला आहे. सहाही विषयांच्या गुणांऐवजी सर्वोत्तम पाच विषयांचे ५०० धरावेत, हा 'बेस्ट ऑफ फाइव्ह'चा निर्णय २०१० साली शासनाने घेतला. उच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. एका रात्रीत असंख्य मुलांचे टक्के वाढले. त्यांच्या बुद्धीत त्या रात्री काही फरक पडला असेल असे मानायला आधार नाही. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा अ श्रेणीत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला ७ वाढीव गुण मिळतात. ५००त ७ म्हणजे १.४ टक्के, आणि ज्या यादीत दशांशाच्या चिन्हामागे मुलांची रांग उभी असते तेथे जवळपास दीड टक्का म्हणजे किती नावे मागे टाकली याचा अंदाज वाचकांनीच करावा.

सर्वांत बोलके उदाहरण २०१९चे. त्या वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढून टाकले गेले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. १०० टक्के गुण मिळवणारे अवघे २० निघाले. अन्य मंडळांच्या मुलांपुढे आमची मुले मागे पडतील, अशी पालकांनी ओरड केली, अंतर्गत गुण परत आले, आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्के लागून शंभरीवाले २४२ झाले. २०२१ साली महासाथीमुळे परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण व शाळेचे मूल्यमापन यांवर निकाल ९९.९५ टक्के लागला, शंभरीवाले ९५७. तेव्हा अकरावीसाठी स्वतंत्र सामायिक परीक्षा घेण्याचे शासनाने योजले, तर ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने तीही रद्द केली. निरनिराळ्या मंडळांच्या गुणांना एका मापात आणण्याचे प्रयत्न त्याआधीही न्यायालयात टिकले नव्हते : २००८चे पर्सेंटाइलचे सूत्र आणि २००९चे ९०:१०चे वाटप, दोन्ही कोसळली. (दिल्लीतल्या काही महाविद्यालयांनी कटऑफ थेट १०० टक्क्यांवर नेऊन ठेवला होता, तेव्हा कुठे तेथील विद्यापीठाने २०२२पासून बारावीच्या गुणांना बाजूला सारून प्रवेश परीक्षेची कास धरली.)

आता व्यवहाराची गोष्ट. २००९पासून मुंबईत अकरावीचे अर्ज ऑनलाइन भरले जातात, २०२५पासून सबंध राज्यात. तरीही पावसात चर्नी रोडच्या बालभवनातील शिक्षण उपसंचालकांच्या कचेरीकडे धावणाऱ्या पालकांची गर्दी काही अगदीच हटलेली नाही. अर्जात एक ते दहा पसंती लिहिण्याची मुभा असते. संगणक गुणक्रमाने एकेका विद्यार्थ्याकडे येतो, त्याची यादी वरून खाली वाचतो, आणि जी पहिली मोकळी जागा त्याच्या वाट्याला येऊ शकते ती देतो. म्हणजे वर लिहिलेल्या अवघड नावाचा दंड खालच्या नावाला भरावा लागत नाही. असे असूनही, 'आधी हमखास मिळणारे लिहू, मग बघू' म्हणून भीतीपोटी सोपे नाव पहिल्या क्रमांकावर टाकणारी शहाणी माणसे मी दरवर्षी पाहतो. अलीकडच्या नियमाप्रमाणे पहिली पसंती मिळाली की तेथेच प्रवेश घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. तेव्हा ही सावध मंडळी आपल्याच सावधपणाच्या दावणीला बांधली जातात. लालबागच्या वाचकांना माझे सांगणे एवढेच : मुलीला रुइया हवे असेल तर रुइया पहिले लिहावे, मग रुपारेल, विल्सन, कीर्ती, आणि परळचे महर्षी दयानंद शेवटी का होईना अवश्य असू द्यावे, कारण घरापासून पायी जाता येणारे महाविद्यालय हा लाभ गुणपत्रिकेत दिसत नसला तरी दोन वर्षे रोज पदरात पडतो.

विज्ञानशाखेची कथा याहून विचित्र आहे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाला जोडलेल्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश 'नीट'च्या क्रमांकावर मिळतो आणि माटुंग्याच्या व्ही.जे.टी.आय.मध्ये मुख्यत्वे सीईटीच्या. बारावीचे गुण तेथे पात्रतेपुरते. तरीही कनिष्ठ महाविद्यालयाच्या त्या एका दशांशासाठी घरे जागी राहतात, आणि प्रवेश मिळाल्यानंतर तीच मुले महाविद्यालय सोडून दिवसभर क्लासमध्ये बसतात. रिकाम्या बाकांच्या त्या वर्गांत पुढील आठवड्यात जाऊ.