औषधांसाठी बटवा नको, चंची शिवा
नेढ्यातून : लेखांक ११

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या औषधांसाठी मी एक बटवा शिवला होता. गुळेदगुड्डच्या खणाचा, काठ बरोबर तोंडाशी येईल असा बेतलेला. दोन्ही बाजूंनी ओढायच्या नाड्या आणि नाड्यांना रेशमी गोंडे. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी तो हातोहात फिरवला, मीही जरा फुगले. मग एका रात्री अडीच वाजता त्यांना जिभेखाली ठेवायची गोळी हवी झाली. नाड्यांची गाठ बसलेली, गोंडे एकमेकांत गुंतलेले, माझी बोटं थरथरणारी. अखेर बटवा कात्रीने कापला आणि पलंगावर उपडा केला. सहा पट्ट्या, बामची डबी, अंगाऱ्याची पुडी. सहाही पट्ट्या चंदेरी. गोळी सापडली, त्यांना बरंही वाटलं. सकाळी त्या एवढंच म्हणाल्या, "नाडी नवी घाल, मी यात लवंगा ठेवीन."

गेलं वर्षभर त्या बटव्यात लवंगाच आहेत.

औषध म्हटलं की आपल्याला आजीबाईचा बटवा आठवतो, म्हणून मीही डोळे झाकून तोच शिवला. पण आजीच्या बटव्यात काय असायचं? सुंठ, वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडा. प्रत्येकाचा आकार वेगळा, वास वेगळा. अंधारात हात घातला तरी वेखंड बोटांना कळायचं, बोटांना नाही कळलं तर नाकाला कळायचं. शिवाय ते सहाणेवर उगाळून द्यायचं, म्हणजे घाई कसली नव्हतीच. बटव्याचं पोट एकच असतं आणि त्या वस्तूंना तेवढं पुरत होतं. आजच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या, थायरॉइडच्या गोळ्या बऱ्याचशा पांढऱ्या, गोल, बिनवासाच्या. त्यांना एका पोटात कोंबलं की घोळ ठरलेलाच.

आपल्याकडे यासाठी लागणारी शिलाई आधीपासून आहे, फक्त ती बदनाम आहे. चंची! कमरेला खोचलेली, कापडाच्या घडीत कप्पे असलेली. एकात पान, एकात सुपारी, एकात कात, एकात तंबाखू, चुन्याची डबी वेगळी. उलगडली की सगळे कप्पे एका ओळीत डोळ्यांसमोर. गुंडाळली की दोरीचे दोन वेढे, आणि त्या दोरीला गाठ नाही. बोलता बोलता, मांडीवर न बघता उघडता यावी म्हणूनच ती घडलेली आहे. जिच्यात तंबाखू ठेवून माणसं आजारी पडली, तिच्यातच आता त्यांची औषधं ठेवायला सांगते आहे, हे मला कळतं. पण रचना बिनतोड आहे आणि ती तंबाखूबरोबर फेकून देण्यात शहाणपणा नाही.

आता शिवायला घेऊ. तीन कप्प्यांची चंची, मिटल्यावर साधारण साडेतीन बाय चार इंच. कात्री लावण्याआधी घरातली सगळ्यात लांब गोळ्यांची पट्टी मोजा. ती ४ इंचांहून लांब असेल तर कप्प्याची उंची तेवढी वाढवा आणि त्या हिशोबाने पूर्ण कापडाचीही. पट्टी दुमडून बसवू नका, दुमडली की फॉइलला चीर जाते आणि गोळीला हवा लागते.

बाहेरचं कापड ११.५ बाय ८ इंच, अस्तर तेवढंच, आणि कप्प्यांसाठी ११.५ बाय ९ इंचांचा तुकडा. तिन्हींत अर्ध्या इंचाची माया धरलेली आहे. खण वापरणार असाल तर त्याच्या पाठीला मांजरपाटाचा तेवढाच तुकडा कच्च्या धाग्याने जोडून घ्या, नुसता खण ढिला पडतो. कापडं आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायची. सुती कापड आटतं, आणि खणाचा रंग जातो की नाही तेही तेव्हाच कळतं. अस्तर मात्र एकरंगी आणि गडद घ्या. निसटलेली पांढरी गोळी त्यावर लगेच दिसते. फुलाफुलांच्या अस्तरावर मी एक गोळी दहा मिनिटं शोधली आहे.

कप्प्यांचा तुकडा लांबीत दुमडा, ४.५ इंच उंचीचा दुहेरी होईल. दुमडलेली कड वर, म्हणजे कप्प्याचं तोंड आपोआप स्वच्छ. तो अस्तराच्या सुलट बाजूवर तळाच्या कडेला जुळवून ठेवा आणि तिन्ही कडांना कच्चा धावदोरा घाला. मग दोन्ही बाजूंच्या कडांपासून चार-चार इंचांवर खडूने उभ्या रेघा मारून टीप घाला. झाले तीन कप्पे. टिपेची सुरुवात तोंडाशी होते, तिथे मशीन दोन-तीनदा मागेपुढे करा. कप्पा फाटतो तो नेहमी तिथेच.

याच वेळी, पुढचं काही जोडण्याआधी, उजव्या कप्प्याच्या तोंडावर जाड दोऱ्याने तीन गाठीचे टाके घाला. तातडीची गोळी फक्त या कप्प्यात. अंधारात अंगठ्याला तीन दाणे लागले की काम झालं. चंची मिटताना उजवी घडी शेवटी येते, म्हणून उघडताना तोच कप्पा पहिला हाती येतो.

दोरी २० इंचांची. तिचं एक टोक उजव्या उभ्या कडेला, तळापासून अडीच इंचांवर टाचा आणि उरलेली दोरी आत गुंडाळून ठेवा. त्यावर बाहेरचं कापड पालथं, म्हणजे सुलटला सुलट. चौफेर अर्ध्या इंचावर टीप मारा, वरच्या कडेला तीन इंच मोकळे सोडा. कोपरे तिरके छाटा, मोकळ्या जागेतून सगळं उलटवा, ती जागा हाताने शिवा आणि शेवटी कडेकडेने एक टीप फिरवा. उरेब पट्टी इथे लागत नाही.

मिटताना वरचा तीन इंचांचा भाग आधी कप्प्यांवर पाडायचा, मग डावी घडी, मग उजवी, मग दोरीचे दोन वेढे आणि टोक वेढ्याखाली. टिचबटण का नाही? संधिवाताच्या बोटांना ते चिमटीत धरून ओढणं जड जातं. वेल्क्रो चालेल, पण त्यात केस आणि धागे अडकतात आणि वर्षभरात ते धरेनासं होतं. चेन मला मुळीच मान्य नाही, कारण तिच्या दातांत अस्तर अडकतं.

शिलाई कितीही चांगली असली तरी कापडाच्या हाती काही गोष्टी नसतात. सुती कापडातून दमट हवा आरपार जाते, म्हणून गोळी पट्टीतून सुटी काढून ठेवायची नाही. औषधाच्या दुकानात पट्टी कापून देतात तेव्हा मुदतीची तारीख बऱ्याचदा दुसऱ्या तुकड्यावर राहते. नाव आणि तारीख असलेला तुकडाच मागून घ्या. हृदयविकारासाठीच्या नायट्रोग्लिसरीनच्या सुट्या गोळ्या तर त्यांच्या मूळ काचेच्या बाटलीतच राहायला हव्यात. ते औषध उडून जातं, कापसात आणि प्लॅस्टिकमध्ये शिरतं, आणि गोळी दिसायला तशीच राहून निकामी होते. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सिअस लागतात. त्याची जागा फ्रिजमध्ये.

मधल्या कप्प्यात एक कागद ठेवा. नाव, औषधांची नावं आणि वेळा, कशाची अॅलर्जी, घरच्यांचा फोन, आणि १०८. कापडावर शाईने लिहू नका, पहिल्याच धुण्यात ते जातं. आणि खणाची रंगीत चंची नातवंडांना खेळणं वाटते. घरात लहान मूल असेल तर ती उशाखाली न ठेवता खुंटीला, मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंच टांगा.

सासूबाईंनी नवी चंची उलगडली, मिटली, परत उलगडली. मग विचारलं, "चुन्याची डबी कुठं ठेवायची?"

पुढच्या आठवड्यात इन्हेलरसाठी उभी पिशवी. इन्हेलर या चपट्या कप्प्यात मावत नाही. शिवाय त्याच्या पिशवीच्या आत एकही उसवती कड चालत नाही, कारण टोपण निघालं तर सुटलेला धागा तोंडाच्या नळीत जातो. त्यासाठी पाव मीटर पॉपलिन धुऊन, वाळवून ठेवा.