अंतर्गत पत्रव्यवहाराचा पुरावा

आंबिवली स्थानकाबाहेरच्या किराणा दुकानदाराचे पैसे ज्या कंपनीच्या यंत्रणेतून त्याच्या खात्यात पोहोचतात, तिच्याशी त्याचा दावा उद्भवल्यास, करारनाम्याइतकेच वजन कंपनीच्या अधिकाऱ्यांनी परस्परांस लिहिलेल्या ई-मेलना येते. कारण करारनामा जगास दाखविण्यासाठी लिहिलेला असतो, अंतर्गत टिपणात मात्र हेतू उघडा पडतो.

'व्हिसा' कंपनीने 'प्लेड' ही नवी कंपनी 530 कोटी डॉलरना घेण्याचे ठरविले, तेव्हा तो सौदा रोखण्यासाठी नोव्हेंबर 2020 मध्ये अमेरिकी न्यायखात्याने दाखल केलेल्या फिर्यादीत व्हिसाच्याच एका अधिकाऱ्याने काढलेले ज्वालामुखीचे रेखाचित्र उद्धृत होते : पाण्यावर दिसणारे टोक म्हणजे प्लेडचा तत्कालीन व्यवसाय, आणि खाली दडलेले ते व्हिसावरचे भावी संकट. जानेवारी 2021 मध्ये, निकालापूर्वीच, सौदा रद्द झाला. एवढे सामर्थ्य त्या कागदांत होते, असे माझे मत आहे.

आपल्याकडे 2015 च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्यान्वये, तीन लाखांच्या वा त्याहून अधिक मूल्याच्या वाणिज्यिक दाव्यात, ताब्यातील संबद्ध दस्तऐवज, ते स्वतःस प्रतिकूल असले तरी, उभय पक्षांस दाखल करावे लागतात. मात्र संगणकीय नोंदीची नुसती छापील प्रत पुरत नाही. जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी, मूळ उपकरणच हजर केले नसेल तर अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार त्यावर तज्ज्ञाचीही सही लागते.